संभादा, ही नुरा नव्हती

संभादा, आधी नीनोचं नाव घेते, मग तुझं. तू चिडशील. पण वर पोचल्यावर आधी दोर धरणाऱ्याचं नाव घ्यायचं आणि मग आपलं, हे तूच शिकवलंस.

नीनो जॉर्जिया देशाची. या हंगामात आम्ही ज्या ज्या गावी भिंत चढायच्या स्पर्धेला गेलो तिथं एका खोलीत राहिलो. तिच्या देशाची ती एकटीच यायची आणि आमच्या संघात मुलींत मी एकटी उरले होते. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही आणि इंग्रजी दोघींनाही सारखीच येत नाही, त्यामुळं आमचं बरं जमतं. परवा सकाळी तिनं मला जमिनीवर दाबून धरलं, म्हणून आज माझी बोटं शाबूत आहेत आणि हे लिहिता येतंय. तिचा ओठ मात्र फुटला. माझ्याच कोपरानं.

आता काय झालं ते सांगते.

इटलीत डोंगराच्या कुशीत एक गाव आहे. हंगामातली शेवटची स्पर्धा तिथं होती. वडगावाहून इरफानभाईचा फोन आला तेव्हा मी सरावाच्या हॉलमध्ये बोटांना पट्टी गुंडाळत होते.

"उभी हायस का बसलीस?"

"उभी हाय. का?"

"बस आधी."

"बोल की इरफानभाई."

"संभा गेला गं."

मी विचारलं, "कुठं?"

खरंच विचारलं, दादा. तू सारखा कुठंतरी जातच असायचास. राधानगरीला, बिद्रीला, कुणाच्या विहिरीत म्हैस पडली म्हणून, कुणाचं पोर कड्यावर अडकलं म्हणून. मी 'कुठं' म्हणाले आणि पलीकडं इरफानभाई रडायला लागला. गोदामात फळी पडून त्याच्या पायाचं नख उखडलं होतं तेव्हा त्यानं नुसत्या शिव्या दिल्या होत्या. तो माणूस रडतोय, हे ऐकून मला कळलं तू कुठं गेलास ते.

पुढचं तुकड्यातुकड्यानं आठवतं. मी फोन भिंतीवर आपटला. मग सरावाच्या फळीवर मुठी मारायला लागले. त्या फळीवर पकडीचे तुकडे बसवलेले असतात, सगळे त्यांना होल्ड म्हणतात, तू दगूड म्हणायचास. त्या दगडांवर मी मुठी मारल्या. कातडं निघालं तरी मारल्या. मोठमोठ्यानं तुला शिव्या देत होते. तू मला शिकवलेल्या सगळ्या, आणि मिरची कांडपात बायकांकडून ऐकलेल्या आणखी काही. नीनोनं मागून कंबरेला मिठी घातली. मी कोपर मारलं ते थेट तिच्या तोंडावर बसलं. तिनं सोडलं नाही. मी तिच्या मनगटाला चावले. तिनं माझ्या पायात पाय घालून मला आडवं केलं आणि पाठीवर गुडघा रोवला. माझ्या मानेवर काहीतरी गरम ठिबकत होतं, ते तिचं रक्त होतं. शिव्या तिलाच देतेय असं तिला वाटलं असणार, तरी ती माझ्या कानाशी "ओके, ओके" म्हणत राहिली. माझ्या हातापायातलं बळ संपलं तेव्हाच तिनं गुडघा काढला.

आवाज ऐकून एक बाई आली, गळ्यात ओळखपत्र. तिनं माझ्या मुठी बघितल्या, नीनोचं तोंड बघितलं. मारामारी केली की स्पर्धेतून बाहेर, नियम साधा आहे. नीनोनं बाहीनं ओठ पुसला आणि म्हणाली, "जिना. मी पडले."

दादा, त्या हॉलला जिनाच नव्हता. सगळं तळमजल्यावर. बाई आमच्याकडं बघून निघून गेली.

तू असतास तर म्हणाला असतास, "पोरगी खोटं बोलायला आपल्यापरीस कच्ची हाय."

नववीत माझी शाळा सुटली. मी पेठ वडगावात मिरची कांडपात कामाला लागले. गिरणीच्या मागं रिकामं गोदाम होतं आणि तिथं तू आणि इरफानभाईनं प्लायवूड ठोकून भिंत उभी केली होती. मी डबा खायला तिथल्या सावलीत यायचे. तू वर लटकून ओरडलास, "ए मिरची! बघत काय बसलीस? ये वर."

"माझं हात तिखट हाईत."

"मग तर बरंच की, कोण धरणार न्हाई तुला!"

मी चढले. खाली आले. मग त्याच दगडांवरून तू चढलास, वर जाऊन घाम पुसलास आणि हात डोळ्याला लागला. दोरावर लोंबकळत तू जो नाचलास आणि ज्या शिव्या दिल्यास, त्या ऐकायला कांडपातल्या सगळ्या बायका चटणी टाकून धावत आल्या. इरफानभाई हसून हसून दोर सोडायच्या बेताला आला होता.

मी तुला सर म्हणाले. तू म्हणालास, "सर शाळंत. हितं दादा म्हण. आन् अहो-जाहो नगं. दोरावर लांब शब्द चालत न्हाई. 'धरा हो दादा' म्हणंस्तवर माणूस खाली येतंय." म्हणून 'धर' आणि 'सोड'. एवढीच आपली भाषा. घरात वडिलांना अहो म्हणणारी मी, तुला अरे म्हणायला लागले.

माझे वडील पहिल्यांदा गोदामात आले ते तुला हाणायलाच. पोरगी काम सोडून कुणा परक्याबरोबर भिंतीवर चढते म्हणून छत्री उलटी धरून आले होते. तू वरूनच ओरडलास, "जयभीम काका!" ते इतके गोंधळले की तोंडातून "रामराम" निघून गेलं. त्यानंतर कायम तसंच राहिलं. तू जयभीम घालायचास, ते रामराम घालायचे. आता त्यांना रामराम कुणाला घालायचा ते कळणार नाही.

तू मला मुद्दाम पाडायचास. मी वरच्या टोकाला असताना, न सांगता दोर ढिला करायचास आणि जमीन अगदी तोंडाशी आली की धरायचास. कंबरेचा पट्टा मांड्यांत रुतून काळेनिळे वळ उठायचे. एकदा असं पाडलंस आणि मी खाली आल्या आल्या तुझ्या कानाखाली वाजवली. इरफानभाईच्या हातातला चहा सांडला. तू गाल चोळत विचारलंस, "भ्या गेलं का?"

गेलं होतं. पडायचं गेलं. बाकी सगळ्याचं अजून आहे. विमानाचं, इंग्रजीचं, घरून फोन आला की त्याचं. ते तू काढू शकला नाहीस.

आमच्या खेळात दोघी शेजारी शेजारी उभ्या राहतात. पंधरा मीटरची भिंत. बेल झाली की वर पळायचं आणि टोकाची पाटी आधी हाणेल ती जिंकली. साताठ सेकंदांत खेळ खलास. तुला पहिल्यांदा व्हिडिओ दाखवला तेव्हा तू म्हणालास, "आयला, ही तर कुस्तीच की. निस्ती उभी केल्याली." त्या दिवसापासून मला तू शड्डू ठोकायला लावलास. भिंतीकडं बघून, मांडी लाल होईस्तोवर. "भिंतीला कळाय पायजे कोण आलंय."

मग हंगामातल्या पहिल्याच स्पर्धेत, चीनमध्ये, काय झालं ते तुला माहीत आहे. आमच्या पायाखाली एक पाटी असते, तिच्यावरून पाय बेलच्या आधी उचलला की बाद. मी भेदरले होते. पंच 'तयार' म्हणाला आणि माझा हात आपोआप मांडीवर पडला. शड्डू मारला की पाय उचलला जातोच. भोंगा वाजला. शेजारच्या पोरीला वाटलं मी तिला मारायला निघाले, ती दोन पावलं मागं सरली. दहा हजार रुपयांची तयारी म्हण की लाखाची, एका शड्डूत गेली.

तुला फोन केला तर तू माझ्यावरच उखडलास.

"पंच तयार म्हणल्यावर शड्डू ठोकत्यात व्हय? सलामी आधी घ्यायची असती!"

"हितं सलामी नसती दादा."

"मग जोडीच्या हाताला हात कवा लावतीस?"

"हात लावायचाच नसतोय."

"हात न लावता कुस्ती? मग नुराच की ती!"

नुरा. आधीच ठरवून केलेली, बघणाऱ्याला फसवायची कुस्ती. तुझ्या तोंडातली सगळ्यात घाण शिवी. आईबहिणीवरून तू सहज द्यायचास, पण नुरा म्हणताना थुंकायचास. तू कुस्त्या खेळायचास तेव्हाची तुझ्या खांद्याची गोष्ट सगळ्या वडगावाला पाठ होती. मैदानात तुझ्यासमोर जो पैलवान आला त्यानं तुला वर्षभर आपल्या घरी ठेवून जेवू घातलं होतं. लोक म्हणाले, पाठ टेक, त्याचे उपकार आहेत. तू टेकली नाहीस. त्यानं तुझा खांदा उखडला. हाड निघाल्याचा आवाज शेवटच्या रांगेत ऐकू गेला म्हणतात. आणि मग त्यानंच तुला खांद्यावर घालून दवाखान्यात नेलं. ही गोष्ट संपवताना तू दरवेळी म्हणायचास, "लई चांगला माणूस."

त्याच खांद्यावरून आपलं शेवटचं भांडण झालं. ते अर्धंच राहिलं आहे, म्हणून ते इथं पुढं चालवते. तुला उत्तर देता येणार नाही हे मला माहीत आहे, तरी.

अलीकडं तुझा तो हात खांद्याच्या वर जात नव्हता. शर्ट घालताना इरफानभाईला हाक मारायला लागायची. तरी पाऊस लागला की घाटात कोण पडलं, कोण अडकलं, तू निघालास. मी फोनवर म्हणाले, "दादा, आता दुसऱ्या कुणाला तरी उतरव."

"दुसरा कोण?"

"पोरं हाईत की इतकी."

"पोरं फोटू काढाय हाईत. उतराय तू हुतीस. आता हायस व्हय हितं?"

मागं पाऊस ऐकू येत होता, पत्र्यावरचा. मग तू म्हणालास, "ठेवतो. गाडी आली."

ते काय होतं, दादा? टोमणा होता का? का तुला बरं वाटत होतं की मी तिथं नाही, दूर आहे, भिंतीवर पळतेय? तू मला पाठवलंस. गावोगाव फिरून, लोकांच्या पाया पडून तू मला पाठवलंस. मग 'हायस व्हय हितं' का म्हणालास? तुझा आवाज मी डोक्यात इतक्यांदा वाजवून बघितला की आता तो तुझा वाटतच नाही. कधी हसतोयस असं वाटतं, कधी चावतोयस असं.

परवा नीनोच्या फोनवरून परत लावला तेव्हा, रडणं आवरून इरफानभाईनं सगळं सांगितलं. राधानगरीच्या पुढं घाटात जीप दरीत गेली होती. पाऊस असा की समोरचं झाड दिसत नव्हतं. तू उतरलास. एका बाईला पाठीला बांधून वर आणलंस. ती वाचली. खाली तिचा नवरा होता. इरफानभाई म्हणाला, "थांब, दरड हालतीया." तू म्हणालास, "धर." आणि परत उतरलास. मग वरून दगड सुटला. दगड म्हणजे म्हशीएवढा. इरफानभाईच्या हातात दोर होता, तो आधी ताठ झाला, त्याच्या तळहाताचं कातडं सोलत गेला आणि मग एकदम हलका झाला. इतका हलका की तो पाठीवर पडला. तुझं डोकं... ते त्यानं सांगितलं, मी लिहिणार नाही. तुझ्या आईला तोंड दाखवलं नाही, एवढंच लिहिते.

मला त्या दगडाचा राग येत नाही. दगडाला काय कळतं. मला तुझा येतो. एका हातानं उतरलास, मूर्खा. असा राग येतो की तू समोर आलास तर तो दुसरा खांदा मी उखडीन. आणि मग मीच नेईन तुला दवाखान्यात. तू ये तर खरा.

घरी येणं शक्य नव्हतं. मला कळलं तेव्हा तुला अग्नी देऊन लोक परतले होते. संघाबरोबरचं तिकीट पुढच्या आठवड्याचं. आणि दुसऱ्या दिवशी शर्यत. इरफानभाईला विचारलं, काय करू? तो म्हणाला, "त्येला इचारलं असतंस तर काय म्हणला असता?" मी म्हणाले, "शिवी दिली असती." तो म्हणाला, "मग झालं तर."

त्या शर्यतीत काय पणाला लागलं होतं ते तुला माहीत होतं, तूच मला दर फोनला बजावायचास. शेवटच्या आठांत आले तर सराव केंद्रातली माझी जागा पुढच्या वर्षीही राहणार. राहणं, खाणं, शिकवणारे, पुढचा हंगाम, सगळं त्या जागेवर. नाही आले तर घरी.

पात्रता फेरीत मी कशीबशी सोळांत आले. शेवटची. आणि नियम असा की सगळ्यात मागची सगळ्यात पुढचीबरोबर लागते. फलकावर माझ्या नावासमोर नीनोचं नाव होतं. जिंकेल ती आठांत.

मी फलकाखाली उभी राहून दोन्ही नावं परत परत वाचत होते. हरायचं भ्या नव्हतं. तिच्याशी सरळ शर्यतीत मी जिंकणार नाही हे शेंबडं पोरही सांगेल. मला भ्या वाटत होतं ते नीनो काय करेल याचं. तिची पुढच्या वर्षाची जागा केव्हाच पक्की होती. या शर्यतीत तिचं काही जाणार नव्हतं. माझं सगळं जाणार होतं, आणि ते तिला ठाऊक होतं, कारण आदल्या संध्याकाळी खाटेवर बसून, ओठाला बर्फ धरून, तिनं मोडक्या इंग्रजीत मला सगळं विचारून घेतलं होतं. एक पाय जरा घसरवला असता तिनं तर कुणाला कळलं असतं? मला कळलं असतं. आणि लाज वाटते सांगायला, पण एका बाजूनं मला वाटत होतं की तिनं घसरावं.

इथं दोर माणूस धरत नाही. वर यंत्र असतं, ते ओढून घेतं. तू म्हणायचास, "यंत्राला तू कोण ते ठावं हाय का?" मी दोर अडकवला. शड्डू मारला नाही. नीनो शेजारी उभी, ओठ सुजून वांग्यासारखा झालेला. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

बेल झाली.

दादा, मी भिंत चढले नाही, मारली. प्रत्येक दगडाला मी तो घाटातला दगड समजून हाणलं. सोललेल्या मुठींतून परत रक्त आलं, बोटं सटकायला लागली, मी त्यांना आणखी जोरात ठोकलं. खांद्यात कळ गेली. मी ओरडत होते असं नंतर लोकांनी सांगितलं, मला ऐकू आलं नाही. मला फक्त शेजारचा तिचा श्वास ऐकू येत होता, फुटक्या ओठातून शिट्टीसारखा. तो माझ्या कानाच्या वर गेला, मी ओढून खाली आणला, तो परत वर गेला. ती थांबत नव्हती. ती मला फाडत होती. अर्ध्या भिंतीवर मला कळलं की ही पोरगी मला सोडणार नाही, आणि त्या क्षणी, कसं सांगू, माझ्या पोटातला सगळा दगड वितळला. मी आयुष्यात इतक्या जोरात कधी पळाले नव्हते.

पाटी तिनं आधी हाणली. मग मी. मधे फरक म्हणशील तर डोळ्याची पापणी.

फलकावर माझी वेळ आली ती माझी आजवरची सगळ्यात चांगली. तेवढ्या वेळेत दुसऱ्या कुठल्याही जोडीत मी जिंकले असते. पण जोड ही होती.

खाली आल्यावर मी तिला विचारलं, "तू हळू का नाही गेलीस?"

तिला आधी समजलंच नाही. हातवारे करून सांगितलं, तुझी जागा पक्की होती, माझी नव्हती. समजल्यावर ती चिडली, नुसती नाही, भडकली. बोट माझ्या छातीवर ठोकत म्हणाली, "तू बाळ आहेस? आजारी आहेस?" मग परत ओठातून रक्त आलं म्हणून थांबली, थुंकली आणि म्हणाली, "काल तू मला मारलं. आज मी तुला मारलं. संपलं."

आणि मग तिनं मला जवळ घेतलं. तिच्या घामाला खडूचा वास होता.

आज तुझं रक्षाविसर्जन झालं. इरफानभाईनं सांगितलं, माझे वडील गेले होते, पुढं उभे होते. माझी जागा गेली. पुढच्या आठवड्यात मी घरी येईन. वडिलांना काय सांगायचं, शेजारीपाजारी काय म्हणतील, परत मिरचीत हात घालायचे का, याचं भ्या वाटतं. इरफानभाईला मी म्हणाले, गोदामाला कुलूप लावू नकोस. तो म्हणाला, हात बरे झाले की बघू. माझे का त्याचे, ते बोलला नाही.

नीनो 'संपलं' म्हणाली ते मला मान्य नाही. तिनं माझ्यासाठी तीन गोष्टी केल्या. मला धरलं, माझ्यासाठी खोटं बोलली आणि मग मला खरं हरवलं. यातली शेवटची सगळ्यात मोठी, आणि ती मी फेडणार. किती वर्षं लागतील माहीत नाही. परत निवड, परत विमान, परत ते सगळं भ्या. पण एक दिवस मी तिच्या शेजारी उभी राहीन आणि तिला जीव तोडून हरवीन. ती थकलेली असली तरी. तिचं सगळं पणाला लागलेलं असलं तरी. आदल्या दिवशी तिच्या घरचं कुणी गेलेलं असलं तरी.

त्या दिवशी तर नक्कीच, दादा.